‘पडला असेल’च्या पुढे: मुलांच्या सुरक्षिततेसाठी चौकसपणा, नोंद आणि माहितीची देवाणघेवाण

शिक्षिकेला दिसतं की एक मूल बऱ्याच सोमवारी गैरहजर असतं. आशाताईंना ठाऊक असतं की त्या घरात दिवाळीपासून एक नवा माणूस राहायला आलाय. अंगणवाडीच्या तक्त्यात धाकट्या भावाचं वजन दोन महिने हललेलं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरमध्ये ‘पडून हाताला मार’ ही नोंद तीन आठवड्यांत दोनदा असते. एकेकीकडे आहे तेवढ्यावरून कुणी धावपळ करणार नाही. चारही नोंदी एका कागदावर आल्या, तर मात्र त्याच दिवशी फोन करावा लागेल.

हा लेख शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका, डॉक्टर, वसतिगृहाचे अधीक्षक, समुपदेशक आणि संस्थांतल्या कार्यकर्त्यांसाठी आहे. गुन्ह्याचा तपास हे यांपैकी कुणाचंच काम नाही, ते पोलिसांचं. आपलं काम तीन गोष्टींचं: पहिल्या उत्तरावर न थांबणं, दिसलं-ऐकलं ते जसंच्या तसं लिहिणं आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवणं.

पहिल्या उत्तरावर थांबल्याने काय होतं

या विषयावरची पुष्कळ शिकवण ब्रिटनमधल्या चौकशी अहवालांतून आली आहे. लंडनमध्ये २५ फेब्रुवारी २००० रोजी आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए मरण पावली तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. ती लपवून ठेवलेली नव्हती. समाजसेवा विभाग, पोलीस, दोन रुग्णालयं अशा सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. एका रुग्णालयात अंगावरचे व्रण खरजेचे ठरले आणि मारहाणीचा संशय तिथेच बाजूला पडला. लॉर्ड लेमिंग यांच्या जानेवारी २००३ च्या अहवालात तिला वाचवता आलं असतं अशा किमान १२ संधी दाखवल्या आहेत. पालकांशी आदराने वागावं, पण त्यांनी सांगितलेलं पडताळल्याशिवाय धरून चालू नये, हा त्या अहवालाचा आग्रह होता.

मार्च २०१२ मध्ये कॉव्हेंट्री शहरात डॅनियल पेल्का हा चार वर्षांचा पोलिश मुलगा उपासमार आणि मारहाणीने गेला. शाळेत तो कचऱ्याच्या डब्यातलं खाणं उचलत असे. त्याला खाण्याचा विकार आहे, असं आईने सांगितलं आणि ते मानलं गेलं. घरी काय चालतं याबद्दल त्याच्याशी कुणी बोलल्याची नोंद नंतरच्या चौकशीला सापडली नाही. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं.

शेवटची गोष्ट आपल्याकडे जास्त लागू पडते. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं, नंदुरबारमधलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल, नाहीतर वीटभट्टीवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबातलं मूल ‘गप्प’ आहे असं शेरापुस्तकात लिहिलं जातं. ते गप्प आहे की आपल्याला त्याची भाषा येत नाही, हे आधी ठरवा. दुभाष्या लागला तर घरचं माणूस नको, वर्गातलं दुसरं मूल नको. ती भाषा बोलणाऱ्या शेजारच्या गावच्या सेविका, आरोग्य सेविका किंवा शिक्षक शोधा.

पायरी १: काय पाहायचं

चालू-धावू लागलेल्या मुलाला खरचटणं, काळंनिळं पडणं होतंच. अपघाताचे वण बहुधा हाडाच्या उंचवट्यांवर आणि पुढच्या बाजूला असतात: गुडघे, नडगी, कोपर, कपाळ. कान, मान, गाल, पाठ, पोट, कुल्ले आणि मांडीची आतली बाजू इथले वण सहज पडून होत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं, की डॉक्टरांकडे पाठवायचं. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही असं दिसलं, तर त्याच दिवशी. जे बाळ कुशीवरही वळत नाही, ते ‘पडलं’ कसं?

भाजण्यातही फरक असतो. चहा किंवा वरण सांडलं तर ओघळ आणि शिंतोडे दिसतात. हात किंवा पाय गरम पाण्यात धरला असेल तर मोज्यासारखी सरळ रेष दिसते, आजूबाजूला शिंतोडे नसतात. विडी-सिगारेटचा चटका साधारण सेंटीमीटरभराचा, गोल आणि काठ स्पष्ट असलेला असतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात. ते मार लागल्याचे नसतात, दाबलं तर दुखत नाहीत आणि वणासारखे आठवड्याभरात रंग बदलत नाहीत. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तपासणीतच माता-बाल संरक्षण कार्डावर त्यांची नोंद केली, तर पुढे एखाद्या आईवर उगाच आळ येत नाही. रक्त न गोठण्याच्या आजारातही किरकोळ धक्क्याने काळंनिळं पडतं. म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. वणाच्या रंगावरून ‘तीन दिवसांपूर्वीचा’ असं तर कधीच लिहू नका. रंगावरून वय ठरवता येत नाही आणि कोर्टात नेमकं तेच वाक्य उलटतं.

मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर चटके देतात. त्यामागे राग नसतो, उपचाराची समजूत असते. तरी इजा ती इजाच. बाळाला दवाखान्यात न्यायचं, नोंद करायची, चटके कुणी दिले ते विचारायचं आणि मूळचा आजार कोणता होता तेही पाहायचं. पोटदुखी किंवा न्यूमोनिया राहून गेला, तर बाळ त्याने दगावू शकतं.

अंगावर काहीच नसतानाही बरंच काही दिसतं. मूल कसं आहे यापेक्षा ते कधीपासून आणि कुणासमोर बदललं, हे बघा. बडबड करणारं गप्प झालं, सुकलेलं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं, शाळा सुटल्यावर घरी जायला टाळाटाळ सुरू झाली, विशिष्ट माणूस न्यायला आला की पाय मागे ओढू लागलं. एकटं असं लक्षण फारसं काही सिद्ध करत नाही. तारखेसह लिहून ठेवलं तर महिन्याभराने त्यातून काहीतरी उभं राहतं.

पायरी २: मोठ्यांना काय विचारायचं

‘काय झालं?’ हा प्रश्न पुरेसा आहे. त्यानंतर ‘मग?’, ‘तेव्हा घरी कोण होतं?’, ‘दवाखान्यात कधी नेलं?’. पर्याय आपण सुचवायचे नाहीत. ‘जिन्यावरून पडला का?’ असं विचारलं की समोरच्याला तयार उत्तर मिळतं.

मिळालेलं उत्तर चार ठिकाणी घासून बघा. हे या वयाच्या मुलाला जमण्यासारखं आहे का? इजा सांगितलेल्या कारणाशी जुळते का? आईने सांगितलेलं आणि आजीने सांगितलेलं एकच आहे का, आणि सोमवारी सांगितलेलं गुरुवारीही तेच आहे का? इतकी इजा असून उपचाराला दोन दिवस का लागले?

गृहभेटीत सर्वात जास्त सुटणारा प्रश्न म्हणजे ‘घरात कोण कोण राहतं?’. आपण आईशी बोलतो, चहा घेतो, निघतो. सावत्र बाप, काका, भाडेकरू यांचं नावही फायलीत नसतं. मूल झोपतं कुठे आणि कुणाशेजारी, तेही डोळ्यांनी पाहावं. मूल ‘झोपलंय’, ‘मामाकडे गेलंय’ असं दोन भेटींत ऐकलं, तर तिसरी भेट न कळवता द्या. सगळ्याला हो म्हणणारा, प्रत्येक बैठकीला येणारा आणि तरीही काहीच न बदलणारा पालक तर सगळ्यांनाच फसवतो. आपण त्याचं सहकार्य मोजत बसतो, मुलाचं वजन आणि हजेरी मोजायचं राहून जातं.

आठवीतली मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली आणि ‘आत्याकडे शिकायला ठेवलं’ असं उत्तर आलं, तर गाव कोणतं, शाळा कोणती, एवढं विचारा. खरंच दुसरीकडे प्रवेश घेतला असेल तर त्या शाळेकडून दाखल्याची मागणी किंवा विद्यार्थी पोर्टलवर बदलीची विनंती येते. आली नाही तर शंका धरा. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीला निघण्याआधी मुलींची लग्नं उरकली जातात, हे तिथल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. ठाऊक असूनही न विचारणं, ही इथली खरी अडचण.

आणि गरिबीला हयगय समजू नका. डबा नाही, गणवेश फाटका, केसांत उवा: आधी रेशनकार्ड, पोषण आहार, रोजगार तपासा. मदत पोचूनही मूल तसंच राहिलं, तर मग प्रश्न वेगळा आहे.

पायरी ३: मूल स्वतः बोललं तर

इथे चौकसपणा आवरायचा असतो. चांगल्या मनाने विचारलेला एक जादा प्रश्न पुढे खटला पाडू शकतो.

शांतपणे ऐका. ‘सांग’, ‘मग काय झालं?’ एवढंच बोला. ‘काकांनी हात लावला का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न नको; मुलाला शिकवलं होतं असं बचाव पक्ष म्हणतो. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तर मुलाला दोष देतो. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला कायद्याने पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला मला हे दोन-तीन माणसांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार, ते तुला आधी सांगेन.’

मुलाला मुख्याध्यापकांसमोर, मग समितीसमोर, मग पालकांसमोर पुन्हा बोलायला लावू नका. पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, दंडाधिकाऱ्यांपुढे त्याला सांगायचंच आहे. मोबाइलवर चित्रण नको, खासगी अवयवांचे फोटो तर नकोतच. संशयित माणसाला बोलावून विचारणं म्हणजे त्याला सावध करणं.

लैंगिक अत्याचार अलीकडचा असेल तर वेळ फार महत्त्वाचा. शक्यतो आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना खराब होतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून आधी रुग्णालय. उपचारासाठी पोलिसांचं पत्र मागण्याचा अधिकार डॉक्टरांना नाही. गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची आणि त्या वेळी तिच्या विश्वासाचं माणूस सोबत हवं.

पायरी ४: नोंद

त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, समोर कोण होतं, काय दिसलं, काय ऐकलं, तुम्ही काय केलंत, कुणाला कळवलंत, सही. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, अवतरणात. अवयवाला त्याने जो शब्द वापरला तोच ठेवा, शुद्ध मराठी करू नका.

‘मुलगी घाबरलेली वाटली, घरी त्रास असावा’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. ‘सकाळी ११.२०, वर्गात. डाव्या कानामागे सुमारे २ सेंमी लांबीचा जांभळा वण. काय झालं विचारल्यावर म्हणाली, “बानं चार्जरनं हानलं.” पुढे विचारलं नाही. ११.४५ ला मुख्याध्यापकांना सांगितलं’, ही उपयोगाची. मत लिहायचंच असेल तर ‘माझं मत’ म्हणून खाली वेगळं लिहा. इजा कुठे आहे ते शरीराच्या साध्या रेखाकृतीवर खूण करून दाखवा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करा, पांढरी शाई लावू नका.

मग घटनाक्रमाचा कागद. चार रकाने: तारीख, काय घडलं, कुणाकडून कळलं, काय केलं. हजेरीपट, वजनाचा तक्ता, ओपीडी, गृहभेटी यांतून मागच्या वर्षभराचं एका ठिकाणी आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मुलाला यातूनच सर्वाधिक मदत होते. नव्या कर्मचाऱ्याने जुनी फाईल न वाचता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक घटना ‘पहिलीच’ ठरायची, हा घोळ या कागदाने थांबतो.

पायरी ५: कुणाला, किती सांगायचं

*लैंगिक अपराधाची माहिती किंवा तो होईल अशी भीती.* इथे विचारविनिमय नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९ नुसार कुणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. पुरावा लागत नाही, पालकांची संमती लागत नाही, संस्थाचालकांची परवानगी लागत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. रुग्णाची गोपनीयता हे कारण चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळेतील वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात न कळवल्याबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यावर नोंदलेला गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला. ऑगस्ट २०२४ च्या बदलापूर प्रकरणात शाळेने न कळवणं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवायला लावलेला उशीर, दोन्हींवर मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. तरीही ‘आधी आपण समिती नेमून खात्री करू’ हे वाक्य शाळांमधून ऐकू येतंच.

१८ वर्षांखालच्या मुलीच्या गर्भपाताच्या वेळी डॉक्टर अडतात आणि मुली भोंदूंकडे वळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली तर कलम १९ खाली कळवताना डॉक्टरला तिची ओळख उघड करावी लागत नाही. हे प्रत्येक प्रसूतिगृहात माहीत असायला हवं.

*मारहाण, हयगय, बालमजुरी, सोडून दिलेलं मूल, ठरलेला बालविवाह.* १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन. मूल आत्ता धोक्यात असेल तर ११२, हा तातडीच्या मदतीचा क्रमांक. पुढे जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती). पालकांपासून दुरावलेलं किंवा बेवारस मूल सापडलं तर २४ तासांत कळवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ ने बंधनकारक आहे. बालविवाहासाठी गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच प्रतिबंध अधिकारी आहेत. तारीख आधी कळली तर दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवा. हुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्याने शून्य ठरतं. मांडवात जाऊन नुसती समज दिली, तर लग्न दुसऱ्या तालुक्यात लागतं.

*काहीतरी खटकतंय, पण नक्की नाही.* इथेच चारही रजिस्टरं एकत्र यायला हवीत. ग्राम बाल संरक्षण समिती आहे, शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे. पण सगळ्या गावासमोर नाव घेऊन चर्चा करण्याचं हे ठिकाण नाही. शिक्षिका, सेविका, आशा आणि आरोग्य सेविका यांनीच अर्धा तास बसावं. धोका वाढणार नसेल तर पालकांना सांगून, त्यांच्या संमतीने माहिती घ्या. मुलाच्या सुरक्षिततेला लागेल तेवढंच सांगा: आईचा जुना आजार, जात, कर्ज यांचा संबंध नसेल तर ते तिथे निघू नये. बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘या मुलाबद्दल आपल्याला काय माहीत नाही?’ उत्तरापुढे नाव आणि तारीख टाका, म्हणजे ते कुणी शोधायचं आणि कधीपर्यंत.

व्हॉट्सअॅपच्या कोणत्याही ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली टाकू नका. ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘फक्त शिक्षकांचा ग्रुप आहे’ हा बचाव नाही.

पायरी ६: फोन करताना आणि नंतर

फोनवर आधी हे सांगा: मूल आत्ता कुठे आहे, वय किती, आज रात्री ते कुणाजवळ असेल, ज्याच्यापासून धोका आहे तो कुठे आहे, इजा आहे का, भाषा कोणती, अपंगत्व आहे का. मग घटना. ‘जरा बघा ना’ असं म्हणू नका. ‘आज संध्याकाळी मूल त्याच घरी जाणार आहे, त्याआधी कुणी येणार का?’ असं विचारा. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहा. त्याच दिवशी लेखी पत्र देऊन पोच घ्या. पॉक्सोखाली दिलेल्या माहितीला पोलिसांनी नोंद क्रमांक द्यायचा असतो, तो मागून घ्या. हद्द आमची नाही म्हणाले, तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे सांगा. तरी नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि प्रत बाल कल्याण समितीला द्या. पोलिसांनीही २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी समितीला फोन केला की कळतं माहिती पोचली की नाही.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. ठाण्यात बोलावणं आलं तर हे नम्रपणे आठवण करून द्या. समितीकडे सहायक व्यक्तीची मागणी करा. खटला संपेपर्यंत कुटुंबाला तारखा आणि टप्पे समजावून सांगणारं ते माणूस असतं.

कळवल्यानंतर पुष्कळ जण फाईल मिटतात. दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने विचारणा करायची असं कॅलेंडरवर टाका. ‘प्रकरण निकाली’ असं उत्तर आलं तर कशाच्या आधारावर, मुलाला एकट्याने भेटून कुणी बोललं का, हे विचारा. पटलं नाही तर जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, मग जिल्हाधिकारी, मग राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. प्रत्येक पत्राला घटनाक्रमाची प्रत जोडा आणि मूळ कागद कधीच देऊ नका.